शिफारशीचें मोल

व्यापाऱ्यानें स्वतःच्या मालाची केलेली स्तुति गिऱ्हाइकाच्या एका कानानें आंत शिरते व दुसऱ्यानें बाहेर पडते, हा अनुभव बाजाराइतकाच जुना आहे. तीच स्तुति, मालाच्या खपांत ज्याचा कांहीं लाभ नाहीं अशा तिऱ्हाइताच्या मुखांतून आली, कीं ती मनांत ठसते. या साध्या अनुभवावर गेल्या अडीचशें वर्षांत एक मोठा धंदा उभा राहिला आहे. हल्लीं ज्यांस 'इन्फ्लुएन्सर' म्हणतात ते तरुण-तरुणी, म्हणजे हातांतील मोबाइलवर स्वतःचीं लहान लहान चलच्चित्रें घेऊन इन्स्टाग्राम, यूट्यूब इत्यादिकांवर हजारों लोकांस दाखविणारे आणि कोणाच्याहि नोकरींत नसलेले कलावंत, हे या धंद्याचे अगदीं अलीकडचे वारस होत. एखाद्या प्रसाधनाच्या, कपड्याच्या किंवा मसाल्याच्या 'ब्रँड'शीं त्यांची जी भागीदारी जुळते तिला ते 'कोलॅब' असें लाडकें नांव देतात. नांव नवें आहे. त्यामागील व्यवहार नवा नाहीं. आणि जुना व्यवहार नवा समजून जो त्यांत उतरतो तो जुन्याच खड्ड्यांत पडतो, म्हणून या व्यवहाराची थोडी पूर्वपीठिका येथें द्यावी असें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १७६५ मध्यें इंग्लंडची राणी शार्लट हिनें चहाच्या एका संचाची मागणी केली. स्टॅफर्डशायर परगण्यांतील बर्स्लेम गांवच्या जोसाया वेजवुड या कुंभारानें ती पुरी केली, आणि पुढच्याच वर्षीं 'राणीसरकारचा कुंभार' असें म्हणवून घेण्याची परवानगी मिळविली. येथवर यांत विशेष कांहीं नाहीं. राजाश्रय लाभलेले कारागीर आपल्याकडेहि थोडे नव्हते. वेजवुडचें चातुर्य याच्या पुढचें आहे. सायीच्या रंगाचीं जीं साधीं भांडीं तो करीत असे त्यांचें नांवच बदलून त्यानें 'क्वीन्स वेअर', म्हणजे राणीचीं भांडीं, असें ठेविलें. राणीच्या मेजावर जें आहे तें आपल्याहि मेजावर असावें, ही वाढत्या मध्यम वर्गाची हौस त्यानें अचूक हेरली होती. १७७४ सालीं रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासाठीं ९५२ नगांचा एक संच त्यानें तयार केला, तेव्हां तो रवाना करण्यापूर्वीं लंडनमधील ग्रीक स्ट्रीटवरच्या दालनांत मांडून ठेविला, आणि स्वतः राणी शार्लटसुद्धां तो पाहण्यास आली. राणीनें यासाठीं कांहीं मागितलें नाहीं. राजघराण्याच्या नांवाचें भाडें घ्यावयाचें ही कल्पनाच त्या काळीं कोणास सुचण्यासारखी नव्हती. पण आणखी एका गोष्टीचा तिच्याकडून बंदोबस्त झाला नाहीं. थोड्याच काळांत इतर कुंभारहि आपल्या मालास बेधडक 'क्वीन्स वेअर' म्हणूं लागले. नांव एकदां बाजारांत उतरलें, कीं तें कोणाच्या हातांत जाईल याचा नेम नसतो, याचें हें आमच्या पाहण्यांतील पहिलें ठळक उदाहरण होय.

राणीनें फुकट दिलें तें पुढच्या शतकांतल्या नटीनें विकलें. लंडन येथील पेअर्स साबणाच्या पेढींत टॉमस बॅरट हा गृहस्थ १८६५ सालीं शिरला. तो त्या घराण्याचा जांवई; आणि जाहिरातीच्या कलेचा आधुनिक जनक कोण, असें कोणीं विचारल्यास आम्ही याच जांवयाकडे बोट दाखवूं. त्या वेळीं लंडनच्या उच्चभ्रू समाजांत लिली लँग्ट्री या जर्सी बेटांतल्या एका धर्माधिकाऱ्याच्या कन्येचें सौंदर्य गाजत होतें. चित्रकारांनीं तिचीं चित्रें काढलीं होतीं, युवराजाशीं असलेल्या तिच्या स्नेहाची चर्चा घरोघर होत होती, आणि पैशाची चणचण पडल्यामुळें १८८१ च्या अखेरीस ती रंगभूमीवर उतरली होती. घरंदाज बाईनें नाटकांत काम करणें हाच तेव्हां एक प्रवाद होता. मग आपण अमुक साबण वापरतों आणि दुसरा टाकून दिला आहे, असें स्वतःच्या सहीनिशीं छापूं देणें हें तर त्याहूनहि धाडसाचें. तिनें तें केलें व त्याचा मोबदला घेतला. समाजांतील प्रतिष्ठित स्त्रीनें आपल्या कांतीची साक्ष बाजारांत पैसे घेऊन दिल्याचीं पहिलीं प्रसिद्ध उदाहरणें मोजूं गेल्यास त्यांत तिचें नांव अग्रभागीं येतें. बॅरटनें अमेरिकेंत हेन्री वॉर्ड बीचर या नामांकित धर्मोपदेशकाकडूनहि स्वच्छतेच्या व ईश्वरभक्तीच्या सख्यत्वाविषयीं चार शब्द लिहवून घेतले आणि ते साबणाच्या पदरीं बांधले. नटी आणि पाद्री एकाच साबणाचे साक्षीदार झाले.

लोक हंसले नाहींत असें नव्हे. १८८४ सालीं 'पंच' या विनोदी साप्ताहिकांत हॅरी फर्निस यानें एक व्यंगचित्र काढलें. फाटक्या कपड्यांचा, महिनोन्महिने अंगास पाणी न लागलेला एक भणंग मेजाशीं बसून साबणवाल्यांस प्रशस्तिपत्र लिहीत आहे: दोन वर्षांपूर्वीं आपला साबण वापरला, त्यानंतर दुसरा कोणताच वापरला नाहीं, असा त्याचा आशय. टोला लँग्ट्रीबाईंच्या वाक्यावरच होता. दुसरा एखादा व्यापारी रागावला असता, अब्रुनुकसानीची नोटीस धाडली असती. बॅरटनें त्या चित्राचे हक्क मिळवून तेंच आपल्या साबणाची जाहिरात म्हणून छापलें! उपहास करणाऱ्यालाच पदरीं बांधून घेण्याची ही हिकमत आजच्या मोठमोठ्या कंपन्याहि मोठ्या कौतुकानें गिरवितात.

पण या साबणाच्या इतिहासांतील सर्वांत शिकण्यासारखें प्रकरण निराळेंच आहे, आणि त्याच्यापाशीं थोडें थांबावें असें आम्हांस वाटतें. १८८६ सालीं सर जॉन मिले या थोर चित्रकारानें आपल्या लहानग्या नातवाचें, साबणाचे बुडबुडे सोडून त्यांकडे टक लावून पाहत असलेल्या मुलाचें, एक सुंदर चित्र काढलें. त्यांतील आशय क्षणभंगुरतेचा. मूळ नांवहि 'बालकाचें विश्व' अशा अर्थाचें होतें. तें चित्र 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'च्या मालकानें विकत घेतलें व त्याच्याकडून २,२०० पौंडांस तें पेअर्सच्या पेढीकडे गेलें. आणि नुसतें चित्र गेलें नाहीं, त्याच्या प्रतिकृतींचा हक्कहि त्याबरोबर गेला. बॅरटनें बालकाच्या पायाशीं साबणाची एक वडी रंगवून घेतली आणि लाखों प्रती काढून देशोदेशीं धाडल्या. मिलेची प्रतिक्रिया काय झाली याविषयीं कोणी म्हणतात तो चिडला, कोणी म्हणतात छपाईचा उत्तम नमुना पाहून निवळला. तो चिडला असता तरी त्यास कांहींच करतां आलें नसतें, कारण चित्राचा हक्क त्याच्यापाशीं उरलाच नव्हता. मेरी कॉरेली या कादंबरीकर्तीनें आपल्या १८९५ च्या कादंबरींत त्याला यावरून बोल लाविला, आणि मृत्यूनंतरहि वर्तमानपत्रांतून हा वाद चालू राहिला. एवढ्या मोठ्या कलावंताच्या नांवास साबणाचा वास कायमचा चिकटला, तो त्यानें साबणाची शिफारस केली म्हणून नव्हे. विक्रीच्या कागदावर काय लिहिलें आहे इकडे वेळीं लक्ष गेलें नाहीं म्हणून.

वस्तु विकणें आणि तिचा वापर करण्याचा हक्क विकणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें कायदेपंडितांस नवीन नाहीं. कलावंतांस मात्र तें प्रत्येक पिढींत नव्यानें शिकावें लागतें. आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें मध्यंतरीं एक करारपत्र आम्हांस वाचावयास आणून दिलें. ती मराठींतून जुन्या पद्धतीच्या पाकक्रिया दाखविते. तिचे प्रेक्षक पाऊण लाखाच्या घरांत आहेत. एका व्यापारी संस्थेनें तिच्याकडून एक मिनिटाचें चित्र मागितलें होतें आणि मोबदलाहि बरा देऊं केला होता. करार सात पानांचा; पांचव्या पानावर बारीक अक्षरांत असें कलम होतें कीं, सदर चित्र, त्यांतील तिचा चेहरा, आवाज व नांव हीं संस्थेस सर्व माध्यमांत, सर्व देशांत आणि सर्व काळासाठीं वापरतां येतील. सर्व काळासाठीं! म्हणजे एका मिनिटाच्या बदल्यांत तिचा चेहरा ती म्हातारी होईपर्यंत रस्त्यावरील फलकांवर झळकविण्याची मोकळीक. आम्हीं तिला मिलेची गोष्ट सांगितली. तिनें तें कलम सहा महिन्यांपुरतें व संस्थेच्या स्वतःच्या पानापुरतें करून मागितलें. फलक, दूरदर्शन किंवा विकत घेतलेली प्रसिद्धि हवी असल्यास निराळा मोबदला. संस्थेनें दोन दिवसांत रुकार दिला. मागितलें असतें तर मिळालें असतें, अशा किती गोष्टी केवळ न मागितल्यामुळें जातात, याचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं.

अमेरिकेंत बेसबॉलचा अद्वितीय खेळाडू बेब रूथ याच्या वांट्यास याहून विचित्र अनुभव आला. त्याची कीर्ति शिखरावर असतां, १९२१ च्या सुमारास, शिकागो येथील कर्टिस नांवाच्या मिठाईच्या कंपनीनें 'बेबी रूथ' नांवाची चॉकलेटची वडी बाजारांत आणली. कंपनीचें म्हणणें असें कीं, हें नांव खेळाडूवरून नसून माजी राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या रूथ नांवाच्या कन्येवरून आहे. ती बिचारी तर १९०४ सालींच वारली होती. पुढें रूथनें स्वतःच्या नांवाची वडी काढली तेव्हां उलट कंपनीनेंच हरकत घेतली, आणि १९३१ सालीं न्यायालयानें कंपनीच्या बाजूनें निकाल दिला. स्वतःचें नांव स्वतःच्या मिठाईवर घालण्याची त्यास बंदी झाली! माणसाच्या नांवा-चेहऱ्याच्या प्रसिद्धीचें मूल्य ही त्याची मालमत्ता आहे, हें तत्त्व अमेरिकन न्यायालयानें स्पष्ट शब्दांत मान्य केलें तें १९५३ सालीं, खेळाडूंच्या चित्रांच्या एका खटल्यांत.

आपल्याकडे शिफारशीचा इतिहास वेगळ्या वाटेनें गेला, आणि तिच्यावर स्वदेशीची छाया पडली आहे. मुंबईंत लालबागेस आर्देशर गोदरेज यांनीं १८९७ सालीं कुलुपांचा कारखाना काढला, आणि पहिलें महायुद्ध संपण्याच्या सुमारास प्राण्यांच्या चरबीवांचून, केवळ वनस्पतींच्या तेलाचा साबण तयार केला. या साबणाची शिफारस रवींद्रनाथ ठाकुरांनीं केली. परदेशी साबण याहून सरस नाहीं अशा आशयाचे त्यांचे शब्द जाहिरातींत छापून येत. रवींद्रनाथांनीं शाई, केसांचें तेल व इतर अनेक देशी वस्तूंनाहि आपलें नांव दिलें. यांतून कवीनें धनसंचय केला असें कोणीं म्हणूं शकणार नाहीं. देशी माल टिकावा ही तळमळ त्यामागें होती. गांधीजींविषयीं एक गोष्ट सांगतात कीं, दुसऱ्या एका साबणवाल्यानें आशीर्वाद मागितला असतां, गोदरेजांविषयीं आपणांस आदर असून त्यांस बाधक होईल अशा उद्योगास आशीर्वाद देतां येत नाहीं, असें त्यांनीं त्यास कळविलें. ज्याला आज 'एक्सक्लुझिव्हिटी' म्हणतात, म्हणजे एका वस्तूची शिफारस केल्यावर तिच्या प्रतिस्पर्ध्याची न करणें, तिचें हें निखळ नैतिक रूप होय. करारानें तें जेव्हां विकत घेतलें जातें, तेव्हां त्याची मुदत आणि किंमत ठरली पाहिजे. कारण गप्प राहण्याच्या त्या काळांत शिफारस करणाऱ्याची दुसरी मिळकत बुडते. एका तेलाच्या शिफारशीसाठीं वर्षभर दुसऱ्या कोणत्याहि तेलाचें, तुपाचें अगर लोण्याचें नांव घ्यावयाचें नाहीं असें बंधन पाकक्रिया दाखविणाऱ्या बाईनें पत्करलें, तर तिनें वर्षभर करावयाचें काय?

१९४१ सालीं लक्स साबणाच्या जाहिरातींत हिंदी चित्रपटसृष्टींतील पहिली नटी झळकली, ती आपल्या लीला चिटणीस. धारवाडांत जन्मलेल्या, पदवीधर, मराठी रंगभूमीवरून चित्रपटांत आलेल्या व 'कंगन'मुळें १९३९ पासून देशभर गाजूं लागलेल्या. तोंपर्यंत त्या साबणाच्या शिफारशीस हॉलिवुडच्या नट्या असत. सुशिक्षित घरांतील स्त्रीनें पडद्यावर दिसणें हेंच ज्या समाजांत अद्यापि पचलें नव्हतें, त्या समाजांत एका पदवीधर मराठी स्त्रीच्या चेहऱ्यावर एवढ्या मोठ्या कंपनीनें विश्वास टाकावा, ही गोष्ट आमच्या मतें सामाजिक इतिहासांत नोंदविण्यासारखी आहे. त्यानंतर त्या जागीं किती नट्या आल्या नि गेल्या याची गणना येथें नको.

आतां मध्यस्थाकडे वळूं. क्रिकेटवेड्या वाचकांस डेनिस कॉम्प्टन हें नांव परकें वाटणार नाहीं. महायुद्धाच्या काळांत हा इंग्लिश फलंदाज लष्करी नोकरीच्या निमित्तानें महूस होता, आणि १९४५ च्या मार्चांत रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत सी. के. नायडूंच्या होळकर संघातर्फें मुंबईविरुद्ध ब्रेबर्न क्रीडांगणावर खेळला. त्यानें नाबाद २४९ धावा काढल्या. सामना तरीहि मुंबईनें ३७४ धावांनीं जिंकला. शंभरीपुढील प्रत्येक धावेस रोख इनाम देण्याचें एका धनिक व्यापाऱ्यानें त्यास कबूल केलें होतें, आणि खेळ संपल्यावर पाहतों तों शेटजी तातडीच्या कामासाठीं परगांवीं गेलेले, अशी एक गोष्ट सांगतात. ती तंतोतंत खरी असो वा सांगतां सांगतां रंगलेली असो, तोंडी कबुलीची किंमत तिच्यांत पुरेपूर उतरली आहे.

मायदेशीं परतल्यावर १९४७ च्या उन्हाळ्यांत कॉम्प्टननें ३,८१६ धावा व १८ शतकें काढलीं. सारा देश त्याच्यावर लुब्ध झाला. पत्रांचा पाऊस पडूं लागला, आणि हा भोळा गडी तीं न उघडतांच एका पेटींत टाकीत असे. दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर असतां रेग हेटर या पत्रकार मित्राच्या दृष्टीस ती पेटी पडली. तिच्यांतून निघालेलें एक पत्र एका मोठ्या साप्ताहिकाचें होतें: लेखमालेसाठीं वर्षाला २,००० पौंड देऊं करणारें. त्याच पेटींत त्याच साप्ताहिकाचें दुसरें पत्रहि सांपडलें: उत्तर आलें नाहीं, सबब प्रस्ताव मागें घेत आहोंत! हेटरनें त्याची गांठ बॅगनल हार्वे या व्यवहारी मनुष्याशीं घालून दिली. हार्वेनें ब्रिलक्रीम या केसांच्या मलमाच्या कंपनीशीं वर्षाला सुमारें हजार पौंडांचा करार जुळवून आणला, आणि कॉम्प्टनचा चपचपीत भांग इंग्लंडभर भिंतींवर चढला. पुढें आपल्या फरूख इंजिनियरनेंहि त्याच मलमास आपले केस दिले. इंग्लंडांत खेळाडूच्या मध्यस्थाचा धंदा कॉम्प्टनच्या त्या पेटींतून जन्मला म्हणावयास हरकत नाहीं.

अमेरिकेंत १९६० च्या सुमारास क्लीव्हलंडचा वकील मार्क मॅकॉर्मक आणि गोल्फपटू आर्नल्ड पामर यांनीं केवळ हस्तांदोलनावर आपला व्यवहार ठरविला व तो मॅकॉर्मकच्या २००३ मधील मृत्यूपर्यंत टिकला. मॅकॉर्मकचा सिद्धांत असा कीं, खेळाडूच्या विजयांवर त्याची किंमत बेतूं नये, कारण विजय येतात नि जातात. त्याच्या व्यक्तिमत्त्वाला जो स्थिर विश्वास लाभला असेल त्यावर ती बेतावी. १९९५ सालीं मार्क मस्करेन्हस यांच्या वर्ल्डटेल कंपनीनें सचिन तेंडुलकरशीं अनेक वर्षांचा करार केला, तेव्हां हाच विचार आपल्या देशांत कोट्यवधि रुपयांच्या भाषेंत बोलला गेला. हस्तांदोलनाची गोष्ट मोठी रम्य आहे खरी. परंतु दोघांपैकीं एक जण वकील होता हें विसरूं नये.

आजच्या स्वतंत्र कलावंताची अडचण अशी कीं, कॉम्प्टन, हेटर आणि हार्वे हे तिघेहि तो एकटाच असतो. चित्र त्यानेंच घ्यावयाचें, पत्रांची पेटी त्यानेंच उघडावयाची आणि घासाघीसहि त्यानेंच करावयाची. अशा वेळीं प्रेक्षकांच्या संख्येवर तो भाळतो. आमच्या मतें संख्येपेक्षां तिचा प्रकार महत्त्वाचा. दहा हजार शेतकरी ज्याचें ठिबक सिंचनावरील बोलणें मन लावून ऐकतात, त्याला त्या यंत्राच्या कारखानदारापाशीं जी किंमत आहे ती, दहा लाख लोक ज्याच्या माकडचेष्टा पाहून पुढें सरकतात त्याला नाहीं. म्हणून कारखानदारास पत्र लिहितांना आपले प्रेक्षक कोण, कोठले, कोणत्या वयाचे, ते प्रश्न विचारतात कीं नुसतें पाहतात, आणि पूर्वींच्या एखाद्या शिफारशीमुळें प्रत्यक्ष काय घडलें, हें थोडक्यांत मांडावें. स्वतःची स्तुति वगळावी. कामाचें स्वरूप, चित्रें किती, दुरुस्त्या किती वेळां करावयाच्या, पैसे केव्हां मिळावयाचे, हें सारें लेखीं असावें. दुरुस्तीची संख्या न लिहिल्यास सातव्या दुरुस्तीनंतर मूळ मोबदल्याची मजुरी होते. पैशाबाबत एक आधार पुष्कळांस ठाऊक नसतो: २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांविषयींच्या कायद्यानें अशा उद्योगांचीं देणीं जास्तींत जास्त ४५ दिवसांत चुकतीं करण्याचें बंधन घातलें, आणि सेवा देणारा एकटा मनुष्यहि आपली नोंदणी करून त्याचा आश्रय घेऊं शकतो. भेटवस्तु म्हणजे उत्पन्नच, हेंहि ध्यानांत ठेवावें. १ जुलै २०२२ पासून वर्षाला २०,००० रुपयांवरील अशा लाभांवर शेंकडा दहा कर आधींच कापण्याचा नियम लागू झाला. चित्र घेऊन वस्तु परत केली तर ती लाभांत धरली जात नाहीं, ठेवून घेतली तर धरली जाते, असा खुलासाहि तेव्हां सरकारनें केला.

या सर्व व्यवहारांत तिसरा पक्ष आहे, आणि करारावर त्याची सही नसते. तो म्हणजे पाहणारा. ज्याच्या विश्वासाची ही खरेदी-विक्री चालली आहे त्याला ती चालली आहे हें कळावें कीं नाहीं? १८८४ च्या त्या व्यंगचित्रांतला उपरोध याच प्रश्नाला टोंचीत होता. २०१५ सालीं अमेरिकेंतील लॉर्ड अँड टेलर या कपड्यांच्या दुकानानें पन्नास फॅशनवाल्या तरुणींना एक झगा फुकट दिला, शिवाय प्रत्येकीस १,००० ते ४,००० डॉलर दिले, आणि एकाच आठवड्याच्या अखेरीस तो घातलेलीं चित्रें इन्स्टाग्रामवर टाकावयास सांगितलें. १ कोटी १४ लाख लोकांनीं तीं पाहिलीं, झगा संपला. पैसे घेतल्याचा उल्लेख एकाहि चित्रांत नव्हता. दुकानाचें नांव घालण्याची अट करारांत होती, पैशाचें नांव घेण्याची नव्हती! तेथील व्यापार आयोगानें १६ सालीं दुकानास जबाबदार धरलें. त्या तरुणींवर कारवाई झाली नाहीं. पुढें मात्र खुद्द शिफारस करणारेहि सुटेनासे झाले. २०२२ सालीं किम कार्दाशियन हिनें एका आभासी चलनाची शिफारस केली होती त्या प्रकरणीं तिला १२ लाख ६० हजार डॉलर भरावे लागले. ही जाहिरात आहे असें तिनें सांगितलें होतें. अडीच लाख डॉलर मिळाले हें सांगितलें नव्हतें, आणि गुंतवणुकीच्या बाबतींत तेथील कायद्यास तेंहि हवें होतें.

आपल्या देशांत २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यासहि दहा लाखांपर्यंत, आणि पुनरपराधास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली. वर्षापर्यंत, आणि पुनरपराधास तीन वर्षांपर्यंत, शिफारशीस बंदीहि होऊं शकते. मात्र दाव्याची खातरजमा योग्य ती काळजी घेऊन केली होती असें दाखवितां आल्यास बचाव आहे. तेव्हां व्यापाऱ्यानें पाठविलेल्या कागदाला मान डोलावण्यापूर्वीं त्याचा पुरावा मागणें हें हिताचेंच आहे, आणि मागितल्याचें पत्र जपून ठेवणें त्याहून हिताचें. जाहिरात मानक परिषदेनें २०२१ मध्यें व सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें मोबदल्याचा संबंध उघड करण्याविषयीं नियमावली काढली. परंतु आमची एक तक्रार आहे. मराठींतून, मावशी-काकूंच्या आपुलकीनें बोललेल्या चित्राच्या कोपऱ्यांत 'स्पॉन्सर्ड' असें इंग्रजी अक्षरांत लिहिल्यानें नियम पाळला जात असेल; खेड्यांतल्या ज्या बाईनें तें चित्र पाहून रक्तदाबावरचा काढा मागविला तिला त्यांतून काय कळलें? 'जाहिरात' हा शब्द आपल्या भाषेंत आहे, तो सर्वांस समजतो, आणि मुखानें उच्चारण्यास अर्धा क्षण लागतो. आमच्या त्या विद्यार्थिनीनें तो उच्चारावयाचें ठरविलें, तेव्हां संस्थेच्या अधिकाऱ्यास तें फारसें रुचलें नाहीं. चित्राखालीं मात्र एका वाचिकेनें लिहिलें कीं, सांगितलेंस हें बरें केलेंस, आतां मसाला कसा आहे तें खरें सांग. तिनें सांगितलें: तिखट कमी आहे.

याच सुमारास एक नवाच प्रश्न दाराशीं येऊन उभा राहिला. २०२४ च्या जुलैंत गायक अरिजित सिंग यानें मुंबई उच्च न्यायालयांत अशी दाद मागितली कीं, यंत्रबुद्धीच्या साहाय्यानें आपल्या आवाजाची हुबेहूब नक्कल तयार करण्याचीं साधनें लोकांस पुरविलीं जात आहेत. न्यायालयानें त्यास अंतरिम संरक्षण दिलें, आणि २०२५ मध्यें आशा भोसले यांच्याहि बाजूनें असाच आदेश झाला. मिलेचें चित्र निदान विकत तरी घ्यावें लागलें होतें. आतां एकदां एका मिनिटाचा आवाज हातीं आला, कीं त्या आवाजाच्या धन्यानें कधींहि न उच्चारलेलीं वाक्यें त्याच्याच गळ्यांतून काढतां येतात. त्या सात पानांच्या करारांत 'आवाज' हा शब्द तीन ठिकाणीं होता. आम्हीं तिन्ही ठिकाणीं, 'प्रत्यक्ष मुद्रित केलेला तेवढाच. त्यावरून यंत्रानें नवा निर्माण करण्याचा हक्क नाहीं', असे शब्द घालावयास सांगितले.